खानदेशची थंडी आणि सातची शाळा

खानदेश म्हटला की परगावच्या माणसाला आठवते ते ऊन. जळगावचा मे महिना, पंचेचाळिसाच्या घरात गेलेला पारा, दुपारी ओस पडलेले रस्ते आणि डोक्याला गुंडाळलेले पांढरे उपरणे. एवढ्या सामग्रीवर आमच्या मुलखाचे चित्र पुण्या-मुंबईकडे कायमचे रंगवून झालेले आहे. त्यामुळे आमचे मुंबईचे एक आप्त जानेवारीत लग्नाला आले ते पातळ सदरे घेऊनच आले. पहिल्या रात्री त्यांनी एक पांघरूण मागितले, मग दुसरे मागितले, आणि पहाटे पाहावे तो स्वारी मांडवातल्या सतरंजीच्या गुंडाळीत शिरून बसलेली! "जळगावात थंडी पडते हे कोणी सांगितले का नाही?" असे त्यांनी मला दरडावून विचारले.

मी हसलो खरा. पण मंडळी, खरे सांगायचे तर आम्हा खानदेशकरांनाही ही गोष्ट कोणीतरी दरवर्षी सांगावीच लागते. उन्हाळ्याची तयारी करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. होळी झाली की माठ येतो, वाळ्याचे पडदे येतात, कूलर पुसून ठेवला जातो. थंडीची तयारी मात्र थंडी अंगावर आल्यावर सुरू होते आणि ती पुरी होईपर्यंत संक्रांत उलटून जाते. या बेफिकिरीचा भुर्दंड मोठ्या माणसांना फारसा पडत नाही. तो भरतात शाळेत जाणारी मुले. ही गोष्ट मी एका हिवाळ्यात चांगलीच अनुभवली. ती सांगण्यापूर्वी आमच्या थंडीची कुंडली थोडी मांडली पाहिजे.

१९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचा आज जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे झाला आणि १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार निराळा निघाला. थंडीला मात्र या वाटण्या मान्य नाहीत. उत्तरेकडच्या हिमालयात बर्फ पडून गेले की तिकडचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. आमच्या उत्तरेला सातपुडा आडवा उभा आहे खरा. पण तो काही हिमालय नव्हे, तो वाऱ्याला अडवून धरीत नाही. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सारी ऊब मोकळ्या आकाशात उधळून देते. समुद्रकाठी दमट हवा आणि ढग हे जणू जमिनीचे पांघरूण असते. आमच्या जमिनीच्या अंगावर ते नाही. म्हणून दुपारी अठ्ठावीस-तीस अंश आणि पहाटे आठ-दहा, असा चमत्कारिक हिशेब येथे चालतो. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले, की हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा तर काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेलेला वर्तमानपत्रांत वाचायला मिळतो.

या हिशेबातली मेख लक्षात घ्या. आमची थंडी दिवसभराची नाही. ती येते पहाटे आणि ओसरते नऊ-साडेनऊला. चोवीस तासांतला सर्वांत गार क्षण असतो तो सूर्योदयाच्या आसपासचा. आणि जानेवारीच्या मध्याला जळगावात सूर्य उगवतो सात वाजून पाच-सात मिनिटांनी. आता सकाळच्या शाळेची घंटा किती वाजता होते ते आठवा! साहेबलोक साडेदहाला कचेरीत जातात, व्यापारी दहाला दुकान उघडतात, आणि सात वर्षांचे पोर मात्र साडेसहाला, अंधारात, डोळे चोळीत घराबाहेर पडते. चोवीस तासांतला सर्वांत कडक तास आम्ही नेमका घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या वाट्याला ठेवलेला आहे.

आता ती हकीकत.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे चिरंजीव तेव्हा दुसरीत होते. जानेवारीतला सोमवार. रविवारी धुतलेला शाळेचा निळा स्वेटर बाहेर वाळत टाकलेला. तो रात्री आत घ्यायचा राहिला आणि सकाळी हाताला ओला लागला. आजीने स्वतः विणलेला लाल स्वेटर कपाटात तयार होता. सौभाग्यवतींनी तो बाहेर काढला. पण शाळेचा नियम होता की गणवेशाच्या रंगाचाच स्वेटर चालेल. मी पडलो प्राध्यापक! शिस्त या विषयावर मला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस व्याख्यान देता येते. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम. एक दिवस स्वेटर नसला तर काही बिघडत नाही." माझी आई धुळ्याकडची, ती मनातले बोलते तेव्हा अहिराणीत बोलते. ती म्हणाली, "पोरले हिव लागस ना रे!" मी लक्ष दिले नाही. चिरंजीवांना स्कूटरवर पुढे उभे केले आणि निघालो.

स्कूटरवर पुढे उभे राहिलेले मूल म्हणजे काय, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? ते बापाचा वारा अडवणारी भिंत असते. मागे बसलेल्या मला जाकीट होते, मफलर होता, आणि शिवाय हा सात वर्षांचा पडदा होता. आठ अंशांची थंडी ताशी तीस किलोमीटरच्या वाऱ्यात अंगाला चार अंशांसारखी लागते, हे गणित मी पुढे एकदा वाचले. त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्याला खाली उतरवले तेव्हा दप्तराचा पट्टा त्याच्या बोटांनी धरवेना. ओठ काळेनिळे पडले होते. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला. त्याची नजर मला दिवसभर वर्गात शिकवू देईना.

माणसाला पश्चात्ताप झाला की तो काहीतरी करून दाखवायला धावतो. मीही धावलो. संध्याकाळी माळ्यावरची आईची जुनी शेगडी काढली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले, ते अंगणात नीट फुलवले आणि धूर गेलासे पाहून शेगडी मुलाच्या खोलीत नेऊन ठेवली. दार लावले, खिडक्या लावल्या, फटींत जुने कपडे कोंबले. खोली उबदार झाली. सकाळच्या चुकीची भरपाई झाली, अशा समाधानाने मी शेजारच्या खोलीत झोपलो.

मध्यरात्री आईला जाग आली. नातवाला पांघरूण घालावे म्हणून तिने दार उघडले, तो पोर उशीत तोंड खुपसून कण्हत होते. "आजी, डोके दुखते," एवढे म्हणाले आणि भडभडून ओकले. आईने आरडाओरडा न करता प्रथम सगळ्या खिडक्या उघडल्या, शेगडी उचलून अंगणात ठेवली आणि त्याला बाहेर ओसरीवर आणून बसवले. डॉक्टरांनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि मला एवढेच विचारले, "आई उठल्या नसत्या तर?" या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जितके चिकटते त्याच्या दोनशेहून अधिक पटींनी ते या वायूला चिकटते. म्हणजे श्वास चालू असतो आणि शरीर आतून गुदमरत असते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, ओकारी आणि मग गुंगी असा त्याचा क्रम. झोपलेल्या माणसाला हा क्रम कळतच नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका टळला, हा माझा समज अगदी उलटा होता. धूर नसलेले लालबुंद निखारेच हा वायू सोडत राहतात. हाच वायू बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरमधूनही निघतो. म्हणून गीझरचे नळकांडे न्हाणीच्या बाहेर असावे, पाणी बादलीत काढून घेऊन गीझर बंद करावा आणि मगच मुलाला आंघोळीला बसवावे. आणि शेगडी? ती अंगणात शेकायला ठेवा, तिच्याभोवती गप्पा मारा. झोपायच्या खोलीत तिला पाऊल टाकू देऊ नका.

तात्पर्य, एका दिवसात माझ्या हातून दोन चुका झाल्या. सकाळची बेपर्वाईची आणि रात्रीची मायेची. दुसरी अधिक घातक होती. म्हणून आज मी जे सांगणार आहे ते नुसते 'मुलांना जपा' असे नाही. मुलांना सगळेच जपतात. कसे जपावे, हे ठाऊक असले पाहिजे.

आमच्या जिल्ह्यात हे ज्याला उत्तम ठाऊक आहे तो माणूस म्हणजे केळीवाला शेतकरी. रावेर-यावलकडे हिवाळ्यात जाऊन पाहा. केळीला थंडी सोसत नाही. पारा दहाच्या खाली उतरला की तिची वाढ थबकते, पाने पिवळी पडतात. त्याला तिकडे 'चरका बसला' म्हणतात. मग तो शेतकरी काय करतो? बांधाला वारा अडवणारी झाडे लावतो, घडांना पिशव्या घालतो, रात्री पाणी देतो, पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. पारा कोणत्या वेळी उतरतो आणि वारा कोणत्या बाजूने येतो हे त्याला पाठ असते. घडाला जे लागू ते मुलालाही लागू: वेळ ओळखा, वारा अडवा.

वारा अडवायचा तर एका जाड स्वेटरवर विसंबू नका. ऊब लोकरीत नसते. ती कपड्यांच्या थरांत कोंडलेल्या स्थिर हवेत असते. म्हणून आत बाह्यांचे सुती बनियन, वर गणवेशाचा सदरा, त्यावर स्वेटर. पण विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो. त्यावर सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यात घेतलेला रेनकोट! रिक्षातून किंवा स्कूटरवरून जाताना तो स्वेटरवर चढवावा आणि शाळेत काढून ठेवावा. मूल पुढे उभे न करता मागे बसवावे. कान झाकणारी टोपी, हातमोजे आणि कोरडे पायमोजे हवेत. कपडा कोरडा हवा, ही अट सर्वांत मोठी. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगाची ऊब ओढून नेते. पहाटे सहाला न्हाऊ घालून ओल्या केसांनी मुलाला वाऱ्यावर नेण्यात कोणता धर्म साधतो ते मला कळत नाही. थंडीच्या लाटेत आंघोळ दुपारी किंवा संध्याकाळी घालावी. सकाळी हातपाय-तोंड धुतले तरी मूल स्वच्छच राहते.

आणि मुलाला चढवलेले कपडे उतरवायचेही असतात, हे आपण विसरतो. दहा वाजता ऊन तापते. मैदानात धावलेले मूल स्वेटरमध्ये घामाघूम होते, बनियन भिजते आणि तेच ओले बनियन पुढे अंगावर गार होते. म्हणून स्वेटर पुढे बटणे असलेला घ्यावा म्हणजे मुलाला स्वतः काढता येतो. दप्तरात एक कापडी पिशवी द्यावी आणि कॉलरच्या आत नाव शिवावे. नाही तर हिवाळा संपेपर्यंत तीन स्वेटर शाळेला अर्पण होतात.

आता सर्दी. थंडीने सर्दी होते असे आपण म्हणतो. सर्दी होते ती विषाणूंनी. मात्र थंडी त्यांना साथ देते: कोरड्या हवेने नाकातला ओलावा कमी होतो आणि माणसे दारे-खिडक्या लावून एकमेकांच्या तोंडाशी बसतात. म्हणून वर्गाची आणि घराची एक तरी खिडकी वाऱ्याच्या उलट बाजूने उघडी ठेवावी, मुलांनी हात धुवावेत आणि शिंकताना तोंडापुढे कोपर धरावे. आणि हो, केळे खाल्ल्याने सर्दी होत नाही! ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जिल्ह्यातल्या घरोघरी हिवाळ्यात मुलांच्या हातचे केळे काढून घेतले जाते, यासारखा विनोद दुसरा नाही.

खाण्याच्या बाबतीत खानदेशच्या हिवाळ्याला कोणाकडून काही शिकायचे नाही. बाजरीची भाकरी, तीळगूळ, शेंगदाणे, मेथीचे आणि डिंकाचे लाडू, कुळथाचे शेंगोळे, कळण्याची भाकरी. आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत. त्या वांग्यांनाही केळीबरोबरच २०१६ मध्ये मानांकन मिळाले. मुलाला तिखट बेताचे द्यावे एवढेच. पण सातच्या शाळेसाठी मुले बहुधा उपाशी निघतात, ते वाईट. शरीराची भट्टी इंधनावाचून पेटत नाही. सहाला फार खाववत नसेल तर कोमट दूध आणि एक लाडू तरी पोटात जावा. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुले पाणी पीत नाहीत. बाटलीत कोमट पाणी द्यावे. अंगाला, ओठांना, टाचांना रात्री तेल लावावे. कोरड्या हवेत कातडी उलते, आणि उललेली कातडी झोंबली की मूल हातपाय धुवायलाच टाळते.

औषधांबाबत एक गोष्ट निक्षून सांगतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने वीसहून अधिक लहान मुले दगावली. त्या वेळी केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा देऊ नयेत. शेजारणीच्या मुलाला लागू पडलेली बाटली आपल्या मुलाला पाजू नये. वर्षावरच्या मुलाला रात्री चमचाभर मध द्यावा, खोकला सौम्य होतो. वर्षाखालच्याला मात्र मध मुळीच देऊ नये. साध्या सर्दीला प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. पण मूल भराभर श्वास घेत असेल, म्हणजे एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटात चाळीस किंवा अधिक श्वास भरत असतील, श्वासासरशी बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी पिईना किंवा गुंगीत राहू लागले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. ज्याला दमा आहे त्याला गार वाऱ्याने पहाटे धाप लागते. डॉक्टरांनी दिलेला पंप दप्तरात असावा आणि तो वापरण्यात लाज वाटू नये.

हे सारे झाले घराचे. पण शाळेचे काय? ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. त्यामागे मुख्य विचार मुलांच्या झोपेचा होता. पण खानदेशच्या दृष्टीने त्यात थंडीचाही न्याय झाला. आमच्या धाकट्या लेकीला त्याचा लाभ मिळाला. ती यंदा पाचवीत गेली आणि पुन्हा सातची घंटा आली. दहा वर्षांच्या मुलीला थंडी वाजत नाही असे थोडेच आहे! शाळांच्याही अडचणी असतात. इमारत एक आणि पाळ्या दोन. तरी लाटेचे दिवस हिवाळ्यात मोजकेच असतात. तेवढ्या दिवसांपुरती घंटा तासाभराने पुढे सरकवणे, कोणत्याही रंगाचा स्वेटर चालवून घेणे, एवढे पालकांनी आणि शिक्षकांनी एकत्र बसून ठरवले तर कोणती शिस्त बुडणार आहे? धुळ्याला पांझरेकाठी आम्ही शिकत होतो तेव्हा आमचे एक गुरुजी दुसऱ्या तासाला अख्खा वर्ग उचलून उन्हात नेऊन बसवीत. पाढे तेथे अधिक चांगले पाठ होत.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील छात्रालयातल्या मुलांची, विशेषतः आजाऱ्यांची, त्यांनी आईच्या मायेने केलेली सेवा सर्वश्रुत आहे. शिकवणे आणि जपणे ही दोन कामे नव्हेतच, असे मानणारा शिक्षक या मातीत होऊन गेला, त्याला अजून फार काळ लोटलेला नाही.

दिवाळीच्या साफसफाईत यंदा आमची ट्रंक उघडली तेव्हा तो लाल स्वेटर हाती आला. चिरंजीव आता माझ्या खांद्याला लागतात. त्यांना तो मनगटालाही बसणार नाही. आई आता थकली आहे, पण तिने तो हातात घेतला, एक सुटलेला टाका पुन्हा घातला आणि म्हणाली, "इस्त्रीवाल्याच्या नातवाला दे. संक्रांतीला देऊ नकोस, आज दे." तो मुलगा यंदा दुसरीत आहे, सकाळी आजोबांच्या हातगाडीपाशी कुडकुडत उभा असतो. मी त्याच दिवशी देऊन आलो.

तुमच्याही ट्रंकेत असा एखादा स्वेटर असेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून अंगणात आलात आणि अंगावर पहिली शिरशिरी आली, की त्याची आठवण करा. थंडीने निरोप पाठवला आहे. उत्तर जानेवारीत देऊन चालणार नाही.